सतराव्या पायरीतली मोकळी जागा

सतराव्या पायरीतल्या त्या दोन ओळी सरांच्या नव्हत्या, तिच्या होत्या. आणि ही गोष्ट साऱ्या जगात तिला एकटीलाच ठाऊक होती. आता जग म्हणजे तरी केवढं? अंकगणिताच्या पायाशी डोकं आपटणारी माणसं गोळा केली तर, सर म्हणायचे तसं, एका बसमध्ये मावतील, वर चार सीटा रिकाम्या राहतील. पण त्या बसमध्ये गेले आठ महिने एकच भांडण पेटलं होतं, आणि ते नेमकं त्या दोन ओळींवरून.

उद्या अकरा वाजता सर त्या ओळींची बाजू घेऊन भर सभेत उभे राहणार होते. सांगायचं तर आजच सांगायला हवं होतं. म्हणून तिने डायपर, पाण्याची बाटली, चार-चार तुकडे केलेल्या द्राक्षांचा डबा असं सगळं पिशवीत कोंबलं, गॅसचं बटण तीनदा पाहिलं, ठकीला कडेवर घेतलं आणि जिना उतरली. अर्ध्यातून परत चढून चौथ्यांदा पाहिलं. बटण बंदच होतं. ते नेहमी बंदच असायचं.

सरांनी तिला एम.एस्सी.ला शिकवलं होतं. पुढे त्यांच्याकडेच तिने संशोधन सुरू केलं. दीड वर्ष बरं चाललं, मग ठकीची चाहूल लागली, डॉक्टरांनी पलंगावरून उठू नका म्हणून सांगितलं, आणि मग ठकीच आली. संशोधन ‘थोडे दिवस’ बाजूला ठेवलं ते ठेवलंच. सरही तोवर निवृत्त झाले होते. ठकी पाच महिन्यांची असताना त्यांचा फोन आला.

“टायपिंग येतं ना गं तुला? माझं हस्तलिखित आहे, तीनशे पानांचं. बाळ झोपलं की कर. घाई नाही. चाळीस वर्षं थांबलोय, अजून एक वर्ष थांबेन.”

ती फोनवरच रडली होती. कुणीतरी तिला बाळाच्या शीबद्दल सोडून दुसरं काही विचारलं, याला पाच महिने झाले होते.

मंगळवारी आणि शुक्रवारी ती सरांकडे जायची. सर आणि त्यांची थोरली बहीण अशी दोघंच त्या घरात. बहिणीला सगळे अक्का म्हणत. अक्का मोठ्या इस्पितळात नर्स होत्या, आता त्यांच्या वॉर्डात एकच पेशंट उरला होता आणि तो त्यांचं ऐकत नव्हता. ठकीला अक्का सांभाळायच्या, आणि ही आतल्या खोलीत सरांची पानं टाइप करायची. सर जुन्या परीक्षांच्या उरलेल्या पुरवण्यांवर लिहायचे; प्रत्येक पुरवणीच्या डोक्यावर ‘परीक्षार्थीने येथे आपला क्रमांक लिहावा’ असं छापलेलं, आणि त्या जागी सरांनी न चुकता पानाचा क्रमांक घातलेला.

सिद्धता होती अंकगणित सुसंगत असल्याची. म्हणजे असं की, मोजण्या-मिळवण्याचे मूळ नियम हाताच्या बोटांवर येतील इतकेच आहेत. त्यांना धरून एकेक पायरी चढत गेलं, तर एखाद्या दिवशी ‘शून्य बरोबर एक’ असं काही हाती येईल का? येणार नाही, अशी सगळ्यांची खात्री. पण ती सिद्ध करायला गेलं की पंचाईत होते. हे नियम स्वतःच स्वतःची हमी देऊ शकत नाहीत, हे तर फार पूर्वीच सिद्ध झालंय. बाहेरून आधार घ्यावा, तर तो इतका जाडजूड लागतो की आता त्या आधाराची हमी कोण देणार? सरांचं म्हणणं, आपल्याला एक बारीक आधार सापडलाय, इतका साधा की त्याच्यावर शंका घ्यायला कुणी धजणार नाही.

“मी तेहेतीस वर्षं थेंब मोजून औषध दिलंय,” अक्का म्हणायच्या. “शून्याचा एक झाला असता तर मला आधी कळलं असतं, तुला नाही.”

“आजवर झाला नाही गं अक्का. उद्या होणार नाही कशावरून?”

“उद्याचं मला काय? मी रिटायर झालेय.”

ती टाइप करता करता हसायची. पण ‘उद्या होणार नाही कशावरून’ हे तिच्याइतकं त्या घरात कुणाला कळत नव्हतं. झोपलेल्या ठकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास पाहायचा, तो लागला की दोन मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा पाहायचा. कालचा श्वास आजच्या उपयोगाचा नाही. एकदा तपासलं की कायमचं तपासून झालं, अशी एकच गोष्ट तिला माहीत होती, आणि ती होती सिद्धता. म्हणून तर त्या पुरवण्यांवर तिचा जीव होता.

एकेचाळिसाव्या पानावर सतरावी पायरी होती. ‘ही प्रक्रिया नेहमी थांबते’ असं विधान, खाली चार बोटं कोरी जागा, आणि मग एकदम अठरावी पायरी.

आता, वर्गात शिकवताना सरांची एक पद्धत होती. सोपा भाग आला की ते फळ्यावर एक रिकामी चौकट काढायचे, “ही जागा तुमची” म्हणायचे आणि पुढे जायचे. पोरांनी ती घरी भरायची. तिच्या वहीत एकही चौकट कधी रिकामी राहिली नाही. सर तिची वही इतरांना दाखवायचे. तेव्हा एकेचाळिसाव्या पानावर कोरी जागा दिसली आणि तिच्या हाताने सवयीने ती भरली. विचारायला उठायचं तर बाहेर अक्कांनी मोठ्या मिनतवारीने ठकीला झोपवलं होतं, आणि सर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. शिवाय त्यात विचारायचं काय? झाडासारखी एक आकृती आहे, दर वेळी तिचा एक शेंडा छाटला जातो, दर छाटणीत उंची घटते, उंची अनंत काळ घटू शकत नाही, म्हणून प्रक्रिया थांबते. दोन ओळी. एखादा सुटलेला अनुस्वार द्यावा तितक्या सहज तिने त्या दिल्या.

पानावर चौकट काढलेली नव्हती. हे तिच्या नजरेला तेव्हा यायला हवं होतं. बाळाच्या अंगावरचा मुंगीएवढा पुरळ तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि ही न काढलेली चौकट सुटली.

पुढच्या शुक्रवारी सर छापील पानं हातात घेऊनच दारात आले. “सतरावी वाचलीस? काय सुरेख उतरलीय! दोन ओळीत! मला लिहिल्याचं आठवतसुद्धा नाही बघ. एखाद्या सकाळी हात आपोआप चालला असणार.”

तोंड उघडायची तीच वेळ होती. ‘सर, ते मी भरलंय’ एवढे चार शब्द. पण दीड वर्षात तिच्या गणिताला कुणी सुरेख म्हटलं नव्हतं. आणि आता म्हटलं तर ते स्वतःचं समजून. तिला आतल्या आत गुदगुल्या झाल्या. राहू दे, म्हातारा माणूस खुशीत आहे, कशाला ओशाळवायचं, असं तिने मनाला सांगितलं. खरं तर तिला ती स्तुती न बोलता, गुपचूप, सगळीच्या सगळी हवी होती.

लेख प्रसिद्ध झाला. तीन आठवड्यांनी दूरच्या एका विद्यापीठातल्या तरुणाचं पहिलं पत्र आलं. नम्र, पाच ओळींचं. सतरावी पायरी पटत नाही, छाटलेल्या फांदीची उंची घटते हे खरं, पण थांबण्यासाठी तेवढं पुरेसं नाही. सरांनी त्याचं नाव ‘टाचणी’ ठेवलं.

“आलं का टाचणीचं टपाल?” मंगळवारी ती चपला काढायच्या आत सर विचारायचे. मग उत्तर सांगायचे आणि ती टाइप करायची. पहिलं उत्तर दोन पानांचं झालं, दुसरं सहा, तिसरं चौदा. पहिल्या उत्तराच्या वेळी तीही हिरिरीने भांडली होती. आपल्या ओळी आहेत, बरोबर असणारच. दरम्यान बाकीची बसही जागी झाली. कुणी सरांच्या बाजूने, बरेचसे टाचणीच्या; एकाने तर जाहीर लिहिलं, की म्हाताऱ्यांनी आता नातवंडांना पाढे शिकवावेत. सरांना नातवंडं नव्हती. ते वाक्य त्यांनी तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

मग एका दुपारी तिला चूक दिसली. कथा-कादंबऱ्यांत असतं तसं बाळाच्या खेळण्याकडे बघून काही सुचलं नाही. ठकी झोपली होती, ही स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्याने टाचणीचं पत्र पुन्हा वाचत होती, आणि दिसलं. शेंडा छाटला की उंची घटते हे कुठे नेहमी खरं होतं? एक उंच फांदी छाटली की तिच्या खाली हव्या तितक्या बुटक्या फांद्या फुटत होत्या, आणि तितक्याच उंचीच्या दुसऱ्या फांद्या बाजूला होत्याच. झाड ठेंगणं होण्याआधी पसरत होतं. किती पसरेल याला हद्द नव्हती. तरीही ते कधीतरी संपतं हे दाखवायला तोच जाडजूड आधार लागत होता, जो टाळण्यासाठी सरांनी चाळीस वर्षं घालवली होती.

तिने पत्र ओट्यावर ठेवलं. मग आत जाऊन ठकीचा श्वास पाहिला.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “दोन ओळींचं काय एवढं? आमच्या ऑफिसात अख्खे रिपोर्ट दुसऱ्याचे असतात.” तिचा चेहरा पाहून मग वरमला. “अगं, सांगून टाक ना. खाणार आहेत का तुला?”

खाणार नव्हते, तेच अवघड होतं. त्यानंतर सात आठवडे गेले. मंगळवार आला की ठकीला सर्दी असायची, शुक्रवारी सरांचं डोकं दुखत असायचं, आणि चौदा पानांचं ते तिसरं उत्तर तिने सगळं माहीत असताना आपल्या हाताने टाइप केलं. एकही अक्षर चुकवलं नाही.

आज दार अक्कांनी उघडलं.

“बुधवारी कशी गं तू? बरी आहेस ना? की आमच्या भाषणवीराला बघायला आलीस? सकाळपासून आरशासमोर उभा आहे. लग्नाला नाही उभा राहिला एवढा.” आणि ठकीला ओढून घेत, “ये गं माझी बाय. तुझी आई पांढरीफटक पडलीय बघ.”

सर टेबलाशी होते. इस्त्रीचा सदरा खुर्चीच्या पाठीवर, समोर भाषणाचे कागद.

“बरं झालं आलीस. ऐक, सुरुवात अशी करतो. ‘सतरावी पायरी दोन ओळींची आहे, कारण तिला तिसरीची गरज नाही.’ कसं वाटतं?”

“सर, सतरावी पायरी चुकलीय.”

सर हसले. “तुलाही टाचणी लागली का?”

“त्यांचं बरोबर आहे, सर. फांद्या पसरतात, उंचीने भागत नाही.” तिचा आवाज तिलाच परका वाटला. “आणि सर, त्या ओळी तुमच्या नाहीत.”

“म्हणजे?”

तिने कपाटातून पुरवण्यांचा गठ्ठा काढला, दोरा सोडला, एकेचाळिसावं पान त्यांच्यासमोर ठेवलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, पान डोळ्यांजवळ नेलं. बाहेर अक्का ठकीला एक-दोन-तीन म्हणत जिन्याच्या पायऱ्या चढवत होत्या.

“इथे काहीच नाही,” सर म्हणाले.

“नाही.”

“मग मी कधी लिहिलं हे?”

“तुम्ही नाही लिहिलंत. मी भरलं. वर्गात भरायचे तसं. मला वाटलं, सोपं म्हणून सोडलंय.”

बराच वेळ सर त्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवत राहिले, कागदाला काही चिकटलंय का पाहावं तसे.

“चौकट होती का?”

“नव्हती.”

“चौकट वर्गात काढायचो. तिथे उत्तर मला माहीत असायचं.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “घरी जी जागा सोडतो ना, ती मला येत नाही म्हणून सोडतो. इथे सहा वर्षं अडलो होतो मी. अठरा ते नव्वद पायऱ्या पुढे लिहून ठेवल्या, म्हटलं ही सुटली की झालं. मग तुझी पानं आली, आणि बघतो तर सुटलेली! मला वाटलं, सुटलं असेल कधीतरी आणि विसरलो असेन. वय झालंय. विसरलो याचं वाईटही वाटलं नाही गं मला. तेव्हापासून रोज मी सकाळी उठायचो आणि पहिली आठवण यायची, की सुटलंय.”

ती म्हणाली, “मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही सुरेख म्हणालात तेव्हा.”

“हो,” सर म्हणाले. “तेव्हा सांगितलं असतंस ना, तर मी ते तुझं म्हणून वाचलं असतं. लाल पेन घेऊन. पाच मिनिटांत पकडलं असतं, तुला चार शब्द सुनावले असते, आणि तू मला चहा करून दिला असतास. मी ते माझं म्हणून वाचलं. माणूस आपलं लिहिलेलं कधी नीट तपासत नाही.”

हे तिच्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. सात आठवडे ती स्वतःला चुकीबद्दल दोष देत होती. चूक कुणाचीही होते. पण त्या शुक्रवारी दारात गप्प राहून तिने सरांचं लाल पेनच त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं. आणि कशासाठी, तर एका शब्दासाठी, जो तिचा आहे हे म्हणणाऱ्यालाच माहीत नव्हतं.

“उद्या मी येते, सर. मी उभी राहून सांगते, की ओळी माझ्या आहेत.”

“काय सांगशील? लेखावर नाव माझं. वाचला मी, पाठवला मी, त्या पोराला तीन वेळा अडाणी ठरवलं ते मी. पहिलं पत्र आलं तेव्हा नीट बसून बघितलं असतं तर दिसलं असतं. बसलो नाही. टाचणी टाचणी करत राहिलो.” त्यांनी भाषणाचे कागद उलटे केले. “नको. या बसमध्ये तुझं नाव पहिल्यांदा येईल ते असं नको.”

“पण लोक तुम्हाला—”

“लोक मला पाढे शिकवायला सांगतायत. ते येतात मला.”

अक्का दारात आल्या, कडेवर ठकी. दोघांची तोंडं पाहिली. “काय झालं? कोण गेलं?”

“कुणी नाही. शून्याचा एक होणार नाही म्हणत होतीस ना? अजून काही सांगता येत नाही, अक्का.”

अक्का काहीतरी बोलणार होत्या, पण वॉर्डात तेहेतीस वर्षं काढलेल्या बाईला कुठे थांबायचं ते कळतं. “द्राक्षं भरवते हिला,” म्हणाल्या आणि गेल्या.

“लहान तुकडे आहेत का बघा, अक्का,” तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

सरांनी भाषणाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. खोडाखोड केली नाही. लिहून झाल्यावर कागद तिच्याकडे सरकवला. “हे टाइप कर. आत्ताच पाठवू, म्हणजे उद्या मला नुसतं वाचून दाखवता येईल.”

चार ओळी होत्या. सतरावी पायरी सिद्ध झालेली नाही. मी हा लेख मागे घेत आहे. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि त्यांना मी दिलेली तिन्ही उत्तरं चूक होती. याची जबाबदारी माझी आहे.

ती टाइप करायला बसली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. चौथ्या ओळीनंतर तिची बोटं थांबली. इथे एक ओळ हवी होती. ‘सतराव्या पायरीतला युक्तिवाद माझा नसून…’ एवढी सुरुवात केली की पुढचं आपोआप आलं असतं. सर खिडकीशी उभे होते, पाठमोरे. एक ओळ. बसमधल्या सगळ्यांना कळलं असतं. तिने पहिलं अक्षर उमटवलं आणि मग तिच्या लक्षात आलं, की ती पुन्हा सरांच्या मजकुरात, सरांना न विचारता, तिला रिकामी वाटलेली जागा भरते आहे.

तिने ते अक्षर पुसलं.

“झालं, सर.”

सर आले. त्यांनी तिला उठायला सांगितलं, खुर्चीत बसले, हस्तलिखित कागद डाव्या हाताला ठेवला. मग टेबलाच्या खणातून पट्टी काढली आणि ती संगणकाच्या पडद्याला टेकवून एकेक शब्द कागदाशी ताडून पाहू लागले. शब्दावर बोट, मग पट्टी, मग पुन्हा बोट. इतक्या दिवसांत त्यांनी तिचं एकही पान असं तपासलं नव्हतं. त्यांना वेळ नसायचा म्हणून नव्हे. चौथी ओळ संपल्यावर ते पुन्हा पहिलीवर गेले.

ती त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. बाहेर ठकी जेवायला नकार देत होती आणि अक्का तिला कसलीशी लाच देत होत्या. धावत जाऊन बघावं, असं एरवी तिला वाटलं असतं. ती हलली नाही. सरांची पट्टी खाली सरकताना ती बघत राहिली आणि दर शब्दाला मनात म्हणत राहिली, हा तुमचा आहे, सर, हाही तुमचाच आहे.

“बरोबर आहे,” सर शेवटी म्हणाले आणि बटण दाबून त्या चार ओळी पाठवून दिल्या. लेख मागे घेतला.

“शुक्रवारी येऊ का?” तिने पिशवी उचलत विचारलं.

सर पट्टी खणात ठेवत होते. “बघू,” ते म्हणाले. “कळवतो तुला.”